रोहित नर्सची कसून चौकशी

११ जानेवारी

गाड्यांच्या बॅटऱ्या देणारा दुकानदार दरवर्षी डायरी देतो आणि ती दरवर्षी रद्दीत जाते. यंदा डॉक्टर म्हणाले, बाबांचं रोजचं लिहून ठेवत जा, म्हणून काढली.

बाबा आज घरी आले. लकव्यानं डावा हात आणि डावा पाय निजलेले, बोलणं बंद, नाकात जेवणाची नळी. डोळे मात्र तेच आहेत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये अख्ख्या गाडीतून एक ढिला नट शोधणारे. घरात शिरल्याबरोबर त्यांनी आधी वरच्या पंख्याकडे पाहिलं. तो डुगडुगतो, हे मला त्यांच्यामुळे आज कळलं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं की घरी शिकलेली नर्स ठेवा, नुसती सोबतीला बाई नको. नळीतून जेवण द्यायचं आहे. आता घरात माणसं किती? मी दिवसभर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, मेघा तिच्या शाळेत, आणि बहीण भावना कोर्टात. आई असती तर तिनं कोणाला हातच लावू दिला नसता. पण ती जाऊन चार वर्षं झाली.

१३ जानेवारी

नर्स मिळाली! एजन्सीला फोन केला आणि दुपारपर्यंत दारात हजर. मिनलताई. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहरा हसरा. सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. आपण तर खूश.

भावना सावनेरच्या कोर्टात होती. फोनवर विचारते, "दादा, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर घेतला का?"

म्हटलं, "अवं, पंधरा वर्षांपासून लोकांले गाडी शिकवून राहिलो. माणूस स्टिअरिंगवर हात ठेवते तसा मले समजते."

"मंग तिले स्टिअरिंग दिलं का तू?" म्हणाली आणि फोन ठेवला. वकिलांशी बोलण्यात अर्थ नाही.

१५ जानेवारी

लिहवत नाही, पण लिहितो.

दुपारी मोबाइल घरी विसरलो म्हणून परत आलो. बाबा खाटेवर सपाट आडवे, आणि मिनलताई नळीतून भराभर पेज ओतून राहिल्या होत्या. बाबा खोकत होते. ओठ निळे पडले होते. मी त्यांना उठवून बसवलं, खांद्यावर घेतलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत टाकून निघालो. गाडीवर लाल 'एल' लिहिलेलं. लोकांनी असा रस्ता दिला, जसा ॲम्ब्युलन्सलाही देत नाहीत.

पेज थोडी छातीत उतरली. बाबांना पुन्हा भरती केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

मिनलताई मागून रिक्षानं दवाखान्यात आल्या आणि बाकावर बसून रडल्या. एका दवाखान्यात त्या केसपेपर लिहायच्या. एजन्सीनं कोट दिला, सर्टिफिकेट दिलं, म्हणे सगळं शिकवू, शिकवलं काहीच नाही. मेघानं त्यांना चहा पाजला. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, जमलं नाही. चेहरा वाचणारा तर मी होतो.

२१ जानेवारी

बाबा घरी. भावनानं सूत्रं हातात घेतली आहेत. आजपासून या घरात कोणीही आलं तर कौन्सिलची नोंदणी, तिची मुदत, शिक्षण, ओळखपत्र, आधीच्या पेशंटांची साक्ष आणि पोलीस चौकशी. मी म्हटलं, "नर्स पाह्यजे आहे वं, हायकोर्टाचा जज नाही." ती म्हणाली, "जज चुकला तर अपील करता येते."

तिनं कोर्टातून सुट्टी घेतली आहे. दिवसभर स्वतः बाबांजवळ बसते. दवाखान्यातल्या सिस्टरकडून नळीचं सगळं शिकून आली.

२३ जानेवारी

आज तिघं आले. पहिल्या बाईंची नोंदणी खरी, पण मुदत कधीच संपलेली. दुसरे ओमप्रकाशजी. त्यांनी नळी काढून टाकायची आणि रोज सकाळी नाभीत तेल सोडायचं असा इलाज सांगितला. बाबांनी उजव्या हातानं त्यांना दार दाखवलं. आजारपणानंतरची त्यांची ही पहिली स्पष्ट हालचाल.

तिसरा रोहित. बत्तीस-तेहतीसचा, उंच, रामटेककडचा. आल्याबरोबर विचारलं, हात कुठं धुऊ? मग भावनानं त्याला खुर्चीवर बसवलं आणि उलटतपासणी सुरू झाली.

"नळीतून जेवण द्यायच्या आधी काय करता?"

"पेशंटले बसवतो. नळी जागेवर आहे का पाहतो. मंग हळूहळू देतो. झाल्यावरही लगेच आडवं होऊ देत नाही."

"आणि पुढं जायची घाई असली तर?"

"दुसऱ्या पेशंटले फोन करून सांगतो, उशीर होईन."

भावनाचा पेन थांबला. तो म्हणाला, "आता मी विचारू का?" आणि विचारतच सुटला. बाबांच्या औषधांच्या वेळा कोण पाहते, खाट इतकी उंच काहून, बाबांना राग कशाचा येतो. शेवटी भावनाला म्हणतो, "मॅडम, कोर्टात तुमचा फोन लागते का?"

"माझा कायले पाह्यजे?"

"डॉक्टरनंतर कोणाले लावायचा ते ठरलं पाह्यजे ना."

तिनं नंबर दिला. माझा त्यानं विचारलाच नाही, मी आपणहून सांगितला. जाताना म्हणाला, "सगळं चेक करा. माझा बाप असता तर मीही केलं असतं."

जरा आगाऊच वाटला. पण बाबा त्याच्याकडे वर्कशॉपवाल्या नजरेनं पाहत होते आणि त्यांनी दार दाखवलं नाही.

२५ जानेवारी

कौन्सिलकडे नोंदणी सापडली. रोहित रुपराव, नंबर जुळतो, मुदत चालू, बी.एस्सी. नर्सिंग. मी म्हटलं झालं, सोमवारपासून येऊ द्या. भावना म्हणाली नाही. एका मार्कशीटवर त्याच्या नावातला 'हि' ऱ्हस्व आहे आणि एकावर दीर्घ. "ही तफावत गंभीर आहे, दादा." कॉलेजला स्वतः जाणार म्हणते.

२८ जानेवारी

'हि' ऱ्हस्वच. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं की पोरगा हुशार होता. भावना त्याच्या जुन्या दवाखान्यातही जाऊन आली. तिथंही लोकांनी चांगलंच सांगितलं. रोहित कामावर रुजू.

मला मोकळं वाटतं आहे. तरी भावना म्हणते, चौकशी पूर्ण नाही.

९ फेब्रुवारी

भावना आज रामटेकला गेली होती, रोहितच्या जुन्या पेशंट इंदूबाईंची साक्ष घ्यायला. पत्ता सापडणं कठीण, म्हणून आपल्या सुट्टीच्या दिवशी तोच बाइकवर घेऊन गेला. मी मेघाला म्हटलं, ज्याची चौकशी त्यालाच सोबत नेणं हे कायद्यात बसते का? मेघा पोळी लाटत होती. म्हणाली, "बसते बसते. बाइकवर तर चांगलंच बसते."

सकाळी गेलेली संध्याकाळी आली. इंदूबाईंची साक्ष एकदम पक्की. त्यांचं मोडलेलं खुब्याचं हाड बसल्यावर रोहितनंच त्यांना चालवलं. मग खिंडसी तलावावरही जाऊन आले म्हणे.

"तिथं काय तपासलं?"

"पाण्याजवळ माणूस घाबरते का ते," भावना म्हणाली.

वा! मला सुचलं नसतं.

२२ फेब्रुवारी

आज नळी निघाली! रोहित तीन आठवड्यांपासून बाबांकडून जिभेचे आणि गिळण्याचे व्यायाम करून घेत होता. बाबा त्याला डोळ्यांनी शिव्या द्यायचे, तो हसून पुन्हा करायला लावायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि परवानगी दिली. पहिला घास घट्ट पेजेचा. बाबांनी गिळला, तोंड वाकडं केलं, आणि सगळे वाट पाहत असताना पहिला शब्द बोलले.

"तर्री."

झणझणीत तर्री-पोहे पाहिजेत! मी हसलो आणि मग कशानं कोण जाणे, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

रोहितनं तर्रीला साफ नाही म्हटलं. भावना त्याच्याशी बाबांच्या बाजूनं भांडली. अर्धा तास अंगणात उभं राहून भांडत होते दोघं. निकाल काही लागला नाही.

१० मार्च

रोहित आज म्हणाला, "भावना, जरा टॉवेल दे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम." कामाचा ताण आला की माणूस विसरतो. बाबा खुसखुसत होते. त्यांना आजकाल कशानंही हसू येतं. डॉक्टर म्हणाले होते, लकव्यानंतर असं होऊ शकतं.

पोलीस चौकशीही झाली. मी भावनाला विचारलं, आता संपलं ना? ती म्हणाली, "स्वभावाची बाकी आहे." हिच्यासारखं कसून काम करणारे लोक कमी आहेत.

२९ मार्च

वाईट बातमी, म्हणजे चांगलीच. रोहितची सरकारी निवड झाली. सावनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य अधिकारी. पाच-सहा गावांचं ताप-बीपी-शुगर-बाळंतपण सगळं पहिल्यांदा तोच पाहणार. एप्रिलअखेर रुजू व्हायचं आहे. मी पेढे आणले. भावनाला पेढा गेला नाही. बाबांनी व्यायाम करायला नकार दिला.

९ एप्रिल

नवीन नर्स शोधणं चालू. आता मला सगळं येते: नोंदणी, मुदत, साक्ष. दोन जण एकदम पक्के आहेत. पण भावनाला कोणीच पसंत नाही. एकाचं हसणं बरं नाही, दुसरीचे डोळे बरे नाहीत.

तिची तब्येतही बरी नाही. जेवत नाही, कोर्टातून येते आणि गच्चीवर जाऊन बसते. मी बळजबरीनं रक्त तपासून आणलं. रोहितला म्हटलं, रिपोर्ट पाहा जरा. तो भिंतीकडे पाहून म्हणाला, "नॉर्मल आहेत, भाऊ." कागद अजून माझ्या हातातच होता. याला अनुभव म्हणतात.

१७ एप्रिल

आज एक विचित्र विद्यार्थी आला. साठीच्या पुढचे काका, धोतर, टोपी, रुपराव नाव, धानाचे शेतकरी. म्हणाले, गाडी शिकायची आहे. लायसन्स पाहिलं तर ट्रॅक्टरचं आणि कारचंही! म्हटलं, काका, तुम्हाला येतेच की. म्हणाले, "शहरातली सवय नाही. तुमच्यासोबत दोन चकरा मारू द्या."

उमरेड रोडला घेतलं. गाडी एकदम सफाईदार. पण रस्ता कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहणं. घरी कोण कोण? वडील आता कसे? बहीण वकील आहे म्हणते, भांडखोर आहे का? मी म्हटलं, "भांडते, पण आपलं काही चुकलं तरच." ते म्हणाले, "म्हंजे रोज." मला हसू आलं. गोड माणूस.

१८ एप्रिल

काका पुन्हा आले. आज शांत होते. दिघोरीच्या पुढं गेल्यावर एकदम म्हणाले, "तुम्ही बौद्ध ना?"

माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला. म्हटलं, "हाव. बौद्ध. शिकायचं आहे का नाही, ते सांगा."

"तसं नाही गा," ते म्हणाले. एक ट्रक पुढं जाऊ दिला. मग म्हणाले, "गावात काय सांगू, याचा विचार करून राहिलो."

मला उलगडेना. या वयात गाडी शिकतो हे गावाला सांगायची लाज वाटत असेल, असं वाटलं. असे पुष्कळ येतात माझ्याकडे. बायकांना सासू बोलते, म्हाताऱ्यांना पोरं हसतात. मी त्यांना जे सांगतो तेच यांनाही सांगितलं. "काका, मनापासून घ्यावीशी वाटते ना? मंग घ्या. गाव चार दिवस पाहते, बोलते, आन् आपल्या कामाले लागते. शेवटी चालवायची तर आपल्यालेच आहे."

"तुमचं म्हणणं आहे, पुढं जावं?"

"बिनधास्त जा."

"घरच्यांचा विरोध असला तर?"

"त्याइले एकदा जवळ बसवा. भीती जाते."

काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. इतका कृतज्ञ विद्यार्थी आजवर आला नव्हता.

२० एप्रिल

भावना सकाळी स्कूलमध्येच आली, धापा टाकत.

"दादा, तू रोहितच्या बाबांले काय सांगितलं?"

"कोणाच्या?"

"धोतरवाले! गाडी शिकाले आले होते ते! घरी जाऊन त्याइनं सांगितलं, पोरीच्या भावानं होकार देला, बिनधास्त म्हणाला!"

मी खुर्चीवर बसलो. रोहित रुपराव. तीन महिने नोंदणीचा तो कागद माझ्या खणात आहे.

संध्याकाळी मेघाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, खिंडसीपासून. बाबांना? टॉवेलच्या आधीपासून. "मंग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"तुम्ही चौकशीचं इतकं कौतुक करत होते, मोडवलं नाही."

२१ एप्रिल

खरं लिहायचं तर काल आधी राग आला आणि नंतर भीती वाटली. रोहितचं काही नाही. चार महिन्यांपूर्वी मला त्याचं नाव माहीत नव्हतं, आज तो नसेल तर बाबा कोणाशी भांडतील हे समजत नाही. पण ते गाव, ते घर. आपली पोरगी तिथं पाहुणी म्हणून गेली तर पाणी कोणत्या गिलासात देतील, हा विचार डोक्यातून जात नाही. शिकलो, शहरात राहिलो, तरी जात नाही. बाबा चार वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं. ज्या गोष्टी सोडून आलो त्यांच्याच दारात पोरगी कशी पाठवायची?

भावनाला हे सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "दादा, मी हे सगळं रोहितले पहिल्याच महिन्यात विचारलं. त्यानं लगेच उत्तर नाही देलं. दोन दिवस घेतले. म्हणून मले खरं वाटलं."

मग बाबांजवळ बसून तिनं सांगितलं. मी दाराशी उभा. बाबांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "नोंदणी?"

मी म्हटलं, "बाबा, नोंदणी तर जानेवारीतच पाहिली."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डुगडुगत्या पंख्याकडे पाहिलं होतं. भावना रडत हसत होती. "हाव बाबा. नोंदणीनंच करू. कोर्टातच."

२ मे

रोहित उपकेंद्रात रुजू झाला. नवीन ब्रदर कृष्णकांत, चौकशी मी केली, साधी आणि लवकर. बाबा काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात.

पण रामटेककडून बातमी बरी नाही. रुपरावकाका तयार आहेत, रोहितची आई भागीरथाबाई नाही. त्यांनी बोलणं बंद केलं आहे. काका फोनवर म्हणाले, वेळ लागेल. भावना म्हणते थांबू. तिचा आवाज मात्र कोर्टातला नव्हता.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"त्याइच्या... गावाले."

आजारपणानंतर ते घराबाहेर फक्त दवाखान्यात गेले आहेत. डॉक्टरांना फोन केला, रोहितला केला. पहाटे निघा म्हणाले.

४ मे

पहाटे निघायचं ठरलं आणि निघालो नऊला. कामठी, मनसर, मग आत. मी चालवत होतो, बाबा बाजूला, मागे मेघा आणि भावना.

काका आणि रोहित अंगणात उभे. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या, पाण्याचा माठ बाहेर आणून ठेवलेला. म्हणजे घरात बोलवायचं नाही. तर हे असं. भागीरथाबाई दाराच्या चौकटीत, डोक्यावर पदर, उंबऱ्याच्या आत. रोहितला म्हणाल्या, "आले का तुझे पेशंट?"

बाबांनी खुर्च्यांकडे पाहिलं नाही. काठी टेकत सरळ दाराकडे निघाले. दोन पायऱ्या होत्या. मी धरायला धावलो, तर रोहितनं माझा दंड पकडला. "जाऊ द्या, भाऊ." आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, चढताना चांगला पाय आधी."

पहिली पायरी. थांबले. दुसरी. डाव्या पायातली चप्पल निसटून खाली राहिली. बाबा भागीरथाबाईंच्या समोर उभे राहिले आणि शब्द शोधू लागले. त्यांना वेळ लागतो.

"बाई," बाबा म्हणाले, "माझी पोरगी... भांडते."

भागीरथाबाई पाहत राहिल्या.

"ज्याले... आपलं म्हणते... त्याच्यासाठी भांडते."

इतकं मोठं वाक्य बाबा जानेवारीनंतर बोलले नव्हते. ते धापा टाकत होते. भागीरथाबाईंची नजर खाली गेली, त्यांच्या उघड्या पायाकडे. फरशी तापलेली होती आणि त्या पायाला ते कळत नव्हतं.

"अवं पोरी!" त्या एकदम भावनावर ओरडल्या. "पाहून काय राहिली? बापाचा पाय पोळून राहिला! धर त्याइले, आत घे!"

भावना धावली. भागीरथाबाईंनी बाबांचा दुसरा दंड धरला आणि उंबऱ्याच्या आत नेलं. मग मागं वळून आमच्याकडे पाहिलं. "आन् तुम्ही काय उन्हात उभे? आत या. सगळे या. तो माठ घ्या आत."

सगळे आत गेले. मी म्हटलं, गाडी सावलीत लावून येतो.

गाडी सावलीतच होती.